दिग्याचा रविवारचा बर्गर

दिग्या, तुझ्या दहाव्याला लोक धडधडीत खोटं बोलले आणि मी मांडी घालून ऐकत बसलो.

भजनी मंडळाचे बुवा उठले, खाकरले आणि म्हणाले, "माळ घातल्यापासून दिगंबरराव मांसाला शिवले नाहीत." शिवले नाहीत? दर रविवारी अकराच्या सुमाराला तुझे दोन्ही हात मनगटापर्यंत टर्कीच्या खिम्यात असायचे. बुवांची गच्ची तुमच्या गच्चीला लागून. त्यांनीच एकदा पलीकडून विचारलं होतं, "काय दिगंबरराव, आज काय बेत?" आणि तू ते हात तसेच वर करून दाखवले होतेस. बुवा दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. आता तू बोलायला नाहीस म्हटल्यावर त्यांना तोंड फुटलं.

मग कॉलनीचे अध्यक्ष उठले. ते म्हणाले, दिगंबररावांना पुरणपोळी जीव की प्राण. तुला? पुरणपोळी पानात पडायच्या आधीच तू हात आडवा धरून सांगायचास, "डॉक्टरनं गोड बंद केलंय." तुझी साखर शेवटपर्यंत ठणठणीत होती, हे कॉलनीत फक्त तीन माणसांना माहीत होतं. तू, मी आणि कुसुमवहिनी.

शेवटी कुणीतरी म्हणालं, "बबनराव, तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही तर त्यांचे जिगरी." मी उभा राहिलो, "चांगला माणूस होता" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. गळा कसला दाटतोय, मला राग आला होता. बुवांचा, अध्यक्षांचा आणि सगळ्यात जास्त तुझा. गुरुवारी सकाळी दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून कुणी जातं का? रविवार तीन दिवसांवर होता.

लोकांनी काहीही सांगू देत, मी आपला बर्गरचंच सांगणार.

आपल्या दोघांचं पोट मुळात अकराचं. चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या त्या शेडमध्ये थर्ड शिफ्ट करून यायचं, आडवं व्हायचं आणि अकराला उठून जे असेल ते एकदाच दाबून खायचं, ही सवय. रिटायर झालो तरी पोटाला कुणी सांगितलं नाही. पुण्याहून तुझी सून आली तेव्हा म्हणाली, "बाबा, याला ब्रंच म्हणतात." तू मला म्हणालास, "बघ बबन्या, तीस वर्षं आपून ब्रंच करीत होतो अन् कुणी सांगितलं बी नाय."

टर्की आली ती डॉक्टरांमुळे. हृदयात पहिली जाळी बसली, मटण बंद झालं आणि तू आठ दिवस घरात कुणाशी धड बोलला नाहीस. मग आपल्याच शेडमधला रफिक तुला भेटायला आला. खुलताबादच्या खाली त्याच्या शेतात गावरान कोंबड्यांबरोबर टर्कीही फिरायच्या. तो म्हणाला, "दिगंबरभाई, टर्की ले लो. चरबीच नाय. डाक्टर बी खुश, तुम बी खुश." तू पहिल्या रविवारी तिचा रस्सा केलास. दिग्या, ते मांस मी अजून चघळतोय असं मला कधीकधी वाटतं. तू स्वतः दोन घास खाल्लेस, ताट बाजूला सारलंस आणि म्हणालास, "मटेरियल चांगलं हाय. प्रोसेस चुकली."

तुझं ते खरं होतं. चरबी नाही म्हणजे ओलावा नाही, म्हणून नुसतं शिजवलं की दोरखंड. तू खिमा करून घेतलास. त्यात किसून घातलेला कांदा, तोही पाण्यासकट. दुधात भिजवून पिळलेला पाव, एक अंडं, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, चमचाभर तूप. आणि सगळं धरून ठेवायला वहिनींचं येसूर, रश्श्याला लावायचं ते भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. बर्गरला येसूर लावणारा माणूस अख्ख्या जगात तू एकटाच असशील. तासभर झाकून ठेवायचं, मग पावापेक्षा बोटभर मोठी टिक्की थापायची, मधोमध अंगठ्यानं खळगा दाबायचा म्हणजे ती फुगत नाही, आणि तव्यावर एकदाच उलटायची. मी उलथनं हातात घेतलं की तू ओरडायचास, "दाबू नको, रस जातो." पावाला आतून लोणी लावून भाजायचं. खाली दह्याच्या चक्क्यात कालवलेला ठेचा, वर टिक्की, काकडी, कांदा आणि सगळ्यात वर अर्धवट शिजलेल्या पिवळ्याचं तळलेलं अंडं. एक खाल्ला की संध्याकाळपर्यंत पाण्यालासुद्धा जागा नसायची.

हे सगळं गच्चीवर. कुसुमवहिनी लहानपणापासून माळकरी, त्यांच्या स्वयंपाकघरात मांसानं कधी पाऊल टाकलं नाही. तुमच्याकडं मटणाची भांडी वेगळी, जिन्याखालच्या खोक्यात. ती वरच वापरायची, वरच घासायची आणि घासायचीसुद्धा तूच. वहिनींनी त्यावरून कधी कपाळाला आठी घातली नाही. उलट कांदा-कोथिंबीर चिरून, मसाले, मीठ वाट्यांतून मोजून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायच्या, "घ्या हो" म्हणायच्या आणि नाक पदराला लावून खाली जायच्या.

तुझ्या बायपासपर्यंत हे सगळं छान चाललं होतं.

ऑपरेशनच्या वेळी वहिनी बाहेर बाकड्यावर बसल्या आणि नवस बोलल्या. हा माणूस जिवंत बाहेर आला तर माळ घालील. तू बाहेर आलास आणि घातलीस. मी तुझ्या खाटेशी उभं राहून तुझ्याशी भांडलो, आठवतं? म्हटलं, नवस बायकोनं बोलायचा आणि फेडायचा नवऱ्यानं, हा कुठला न्याय? तुला विचारलं होतं का कुणी? तू तेव्हा नीट बोलूही शकत नव्हतास. छातीला उशी धरून म्हणालास, "बबन्या, मी आत झोपलेलो होतो. जागी कोण होती?"

मी तसाच उठून घरी आलो. तुझं बरोबर होतं, म्हणूनच राग आहे. त्यात तुझ्या गळ्यातली माळ मला रोज दिसायची. तीस वर्षं आपण एका डब्यात जेवलो. तुझ्या डब्यातली भाकरी, माझ्या डब्यातलं कालवण. कुणाचं काय हे माझ्या बायकोला, सिंधूला आणि वहिनींनाही कळायचं नाही. आणि एका बाकड्यावर बसून तुझ्या बायकोनं माझं ताट तुझ्या ताटापासून वेगळं केलं. मला विचारलं होतं का कुणी?

मला वाटलं होतं, आता गच्ची बंद. तर दीड महिन्यानं तुझा फोन. "रविवारी ये. रफिकला सांगितलंय." मी म्हटलं, तू माळकरी, तू कसा करणार? तू म्हणालास, "माळेनं जीभ बांधली, हात नाय बांधला." आलो तर तू माळ शर्टाच्या आत टाकून खिमा मळत होतास. माझ्यासाठी. मुलगा-सून आले तर त्यांच्यासाठीही, पण ते वर्षातून तीनदा. बाकी सगळे रविवार माझ्या एकट्यासाठी.

इथून पुढचं लिहायला मला आठ दिवस लागले.

तुला चव बघता येत नव्हती. म्हणून तू सुपारीएवढी गोळी तव्याच्या कडेला भाजायचास, स्टीलच्या बशीत घालून माझ्यापुढं धरायचास आणि विचारायचास, "मीठ बघ रे." शेडमधलीच रीत. तू मशीनवर जॉब काढायचास आणि मी इन्स्पेक्शनला तो मापून बघायचो. तीस वर्षं तुझा प्रत्येक जॉब माझ्या गेजमधून गेला. तुझा म्हणून मी एकही सोडला नाही, तुझा म्हणून एकही अडवला नाही. तू सगळ्यांना सांगत फिरायचास, "बबन्यानं पास केलं म्हंजी देवानं पास केलं."

पहिल्या रविवारी मी गोळी तोंडात टाकली. मीठ बरोबर होतं. नुसतं बरोबर नाही, सगळंच जमून आलं होतं, तू खात होतास तेव्हापेक्षाही चांगलं. माझ्यापुढं तू उभा, हाताला खिमा, शर्टाच्या गुंडीतून माळेचा एक मणी बाहेर आलेला. मी म्हणालो, "कमी आहे."

तू कठड्यावरच्या डब्यात हात घातलास, पाच बोटांची चिमूट आणलीस, खिम्यावर चोळलीस, पुन्हा मळलंस, पुन्हा गोळी भाजलीस. दुसऱ्या गोळीला मी म्हणालो, "हां. आता खाण्यासारखं आहे."

दर रविवारी तेच, दोन वर्षं. पहिली गोळी कमी, दुसरी खाण्यासारखी. त्यावर तू कधी चिडला नाहीस. नंतर मी बर्गर खायचो आणि तू समोर पिठलं-भाकरीचं ताट घेऊन बसायचास, घास मोडायचास पण नजर माझ्या तोंडावर. कसं झालंय ते माझ्या जबड्यावरून ओळखायला बघायचास. मी जबडासुद्धा हलू द्यायचो नाही. तू माझ्याबरोबर खात नाहीस ना, मग चवीचं तुला मी काही सांगणार नाही. हे मी असं शब्दांत तेव्हा म्हटलं नव्हतं, पण होतं हेच. साठी ओलांडलेला माणूस, रुसलो होतो.

चिमूटभर मीठ वर पडूनही बर्गर खारट कसा होत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला तेव्हा त्याचं उत्तरही मीच काढलं. टर्कीचं मांस मीठ पितं. हे मी चहाच्या टपरीवर चारचौघांना ठासून सांगितलं. एकानं तर माझ्यावर विश्वास ठेवून घरी प्रयोग केला आणि नंतर बरेच दिवस मला टाळत होता.

शेवटच्या रविवारी तू सरळच विचारलंस. ताट बाजूला ठेवून म्हणालास, "मीठमसाला राहू दे. एकदा सांग तरी, खायला कसा लागतोय?" मी अंड्याचा पिवळा ओघळ बोटानं पुसला आणि म्हणालो, "हॉटेलवाल्यांच्या जवळपास आलास." तू हसलास. म्हणालास, "मंग पुढल्या रविवारी गाठू त्यांला." आणि गुरुवारी गेलास.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी मी रफिकला फोन करून खिमा मागवला. म्हटलं, भाषणं करणाऱ्यांनी केली, आता मी करतो. सिंधू ओट्याशी येऊन उभी राहिली. "तुम्ही? दूध उतू जाईपर्यंत ज्यांना गॅस कळत नाय ते टर्की करणार?" मी तिला बाहेर काढलं. कांद्याचं पाणी, भिजवलेला पाव, येसूर, अंगठ्याचा खळगा, एकही गोष्ट विसरलो नाही. मीठही तुझ्याच मापानं. तुझ्या वाटीत चमचाभर असायचं ते आठवत होतं. त्यावर तुझी ती पाच बोटांची चिमूट. गोळी बघायचीही गरज वाटली नाही, माप मला पाठ होतं.

खारट. तोंडात धरवेना इतका खारट. सिंधू एक घास खाऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "दिगंबरभाऊजींच्या नावानं तरी नीट करायचं."

मी पेटलोच. तुझ्यावर. म्हटलं, यानं मला सगळं दाखवलं आणि एक गोष्ट लपवली. चपला घातल्या आणि तडक तुझ्या घरी गेलो.

वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. दोन आठवड्यांत त्या वाळल्यात, तू बघायला नाहीस तेच बरं. मी बसलोसुद्धा नाही. म्हटलं, "वहिनी, पावकिलो खिम्याला तुम्ही मीठ किती देत होतात?"

"सपाट एक चमचा. पहिल्यापासून तेवढंच."

"आणि वरून तो घालायचा ते?"

"वरून कशाला?"

"अहो, मी कमी आहे म्हटलं की डब्यातून चिमूट घालायचा ना. त्या चिमटीनं आज खारट झालं. तो काय जाडं मीठ ठेवायचा का वर?"

वहिनींचा हात गव्हात थांबला. माझ्याकडं बघेचनात. "भाऊजी, त्या डब्यात मीठ नव्हतं," त्या म्हणाल्या. "डबा रिकामाच. तुम्ही यायच्या आधी ते धुवून, पुसून कठड्यावर ठेवायचे."

मी पायरीवर बसलो.

"मला पहिल्या दिवशीच सांगितलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "म्हणले, बबन्या मीठ कमी म्हणतोय, पर गोळी खाताना त्याचं तोंड तसं नव्हतं. मी म्हटलं, मंग सांगा की तोंडावर. खोटं बोलतो म्हणावं. तर म्हणले, राहू दे. माझ्यावर राग हाय त्याचा, तो मिठावर काढतोय. काढू दे."

"दोन वर्षं?"

"व्हय. मी लई वेळा म्हटलं, कशाला सोसता? एक रविवार स्पष्ट बोला. तर म्हणले, बोललो तर तो लाजंल. अन् लाजला, तर यायचा नाय."

मी तिथून कसा उठलो, घरी कुठल्या रस्त्यानं आलो, सांगता येणार नाही. सिंधूनं विचारलं, मीठ किती म्हणाल्या? मी म्हणालो, सपाट एक चमचा.

दिग्या, मला तुझा भयंकर राग आलाय. शेडमध्ये चांगला जॉब कुणी उगीच रिजेक्ट केला असता तर तू त्याला कॉलर धरून सुपरवायझरसमोर उभा केला असतास. इथं मी तुझा जॉब दर आठवड्याला अडवत होतो आणि तू रिकाम्या चिमटीनं खिमा चोळत होतास? मला शिवी द्यायची होतीस. बशी डोक्यात घालायची होतीस. बर्गर उचलून बुवांच्या गच्चीवर भिरकवायचा होतास. हक्क होता तुझा. एवढं भांडण बाकी ठेवून गेलास आणि आता मी कुणाशी भांडू? माझं खोटं तुला पहिल्या गोळीला कळलं, मग माझ्याकडून खरं काढून का घेतलं नाहीस? दहाव्याला बुवा खोटं बोलले म्हणून मी दात खात बसलो होतो, आणि त्या मांडवात तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त खोटं बोललेला माणूस मीच होतो.

आणि ते तुझं वाक्य. लाजला तर यायचा नाय. तीस वर्षांत एवढंच ओळखलंस मला? गेले आठ दिवस मी हे वाक्य खोडायला बसतो. स्वतःला सांगतो की मी आलो असतो. हसलो असतो, तुझ्या पाठीत धपाटा घातला असता, म्हटलं असतं, सापडलो रे, वाढ आता. सिंधूलाही विचारलं, मी गेलो असतो की नाही? ती उठून आत गेली.

बर्गर चांगला व्हायचा, दिग्या. पहिल्या गोळीलाच चांगला व्हायचा, दर रविवारी. तसं मी आयुष्यात कुठं खाल्लं नाही आणि आता खाणारही नाही. मीठ एकदाही कमी नव्हतं. हे तुझ्या तोंडावर सांगायला मला शंभर रविवार मिळाले होते.

आणि तू बरोबर ओळखलं होतंस. तू तोंडावर बोलला असतास, तर मी पुन्हा आलो नसतो.